लैंगिक गुन्ह्यातील आरोपीच्या पायात जीपीएस पट्टा : भारतात हे शक्य आहे का? आणि त्याने गावातली मुलगी सुरक्षित होईल का?

पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे उभ्या असलेल्या एसटी बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार दाखल झाली. आरोपी शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावचा. शेकडो पोलीस, श्वानपथकं आणि ड्रोन लावून उसाच्या फडात त्याचा शोध घेतला गेला. २७ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर तो सापडला.

त्यानंतर पोलिसांनी दिलेली एक माहिती अनेकांना खटकली. या आरोपीवर पुणे आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात चोरी, जबरी चोरीचे गुन्हे आधीपासून दाखल होते आणि २०१९ पासून तो जामिनावर बाहेर होता.

अशा प्रत्येक प्रकरणानंतर एक मागणी हमखास होते : अशा लोकांच्या पायात जीपीएस ट्रॅकर बसवा, म्हणजे ते कुठे आहेत ते पोलिसांना कळेल. अमेरिका, दक्षिण कोरिया, ब्रिटनमध्ये असे पट्टे वापरले जातात. मग आपल्याकडे का नाही?

याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं सरळ नाही. आपल्याकडे पट्ट्याची चर्चा सुरू झाली आहे, पण ती वेगळ्याच कारणासाठी. ते कारण समजून घेतलं, तर या मागणीतलं काय उपयोगाचं आहे आणि काय नाही, हे स्पष्ट होतं.

हा पट्टा नेमका कसा चालतो?

घोट्याभोवती बसणारं, मनगटी घड्याळापेक्षा जाड असं हे यंत्र असतं. उपग्रहांच्या मदतीने ते स्वतःचं ठिकाण ठरवतं आणि मोबाईल नेटवर्कवरून ती माहिती नियंत्रण कक्षाला पाठवतं. पट्टा कापला किंवा उघडला, तर लगेच इशारा जातो. बॅटरी संपत आली तरी इशारा जातो, त्यामुळे रोज चार्जिंग करणं ही तो घालणाऱ्याची जबाबदारी असते.

नकाशावर दोन प्रकारच्या सीमा आखता येतात. एक, जिथे त्या व्यक्तीने ठराविक वेळी असलंच पाहिजे, उदाहरणार्थ रात्री स्वतःच्या घरी. दुसरी, जिथे तिने जायचंच नाही, उदाहरणार्थ पीडितेचं घर किंवा एखादी शाळा. सीमा मोडली की कक्षात सूचना वाजते.

या कल्पनेचा इतिहास गमतीशीर आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातील न्यायाधीश जॅक लव्ह यांना स्पायडर-मॅनच्या कॉमिकमधल्या ट्रॅकरवरून ही गोष्ट सुचली आणि १९८३ मध्ये त्यांनी अशा पट्ट्याचा पहिला आदेश दिला. त्या पट्ट्यात जीपीएस नव्हतं. माणूस घरी आहे की नाही, एवढंच कळायचं.

लक्षात ठेवायची गोष्ट ही : पट्टा माणूस कुठे आहे ते सांगतो. तो तिथे काय करतोय हे सांगत नाही आणि त्याला अडवतही नाही. अडवायला माणूस लागतो.

'बाहेर' असलेले लोक तीन प्रकारचे

अहिल्यानगरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, लैंगिक गुन्ह्याचा विषय निघाला की कोपर्डी आठवतंच. कर्जत तालुक्यातल्या या गावात १३ जुलै २०१६ रोजी शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. या घटनेने महाराष्ट्र ढवळून निघाला, मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच महिन्यात पारनेर तालुक्यातल्या लोणी मावळा येथील २०१४ च्या बलात्कार आणि खून प्रकरणातही तिघांना फाशीची शिक्षा झाली.

पण पट्ट्याचा प्रश्न या दोषींबद्दलचा नाही. फाशी सुनावलेला कैदी बाहेर येतच नाही. प्रश्न आहे तो बातमीत न येणाऱ्या शेकडो प्रकरणांतल्या लोकांचा, जे या ना त्या दाराने बाहेर येतात. ही दारं तीन आहेत आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

पहिलं दार : जामीन. खटला सुरू आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. कायद्याच्या नजरेत ही व्यक्ती निर्दोष आहे.

दुसरं दार : रजा. शिक्षा झाली आहे, पण कैदी काही दिवसांसाठी घरी येतो. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. महाराष्ट्राने २०१६ मध्ये हे नियम कडक केले आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यांतील दोषींना नियमित रजेतून बाजूला काढलं. मुंबईतल्या एका वकील तरुणीच्या खुनातला दोषी त्याच वर्षी नाशिक कारागृहातून पॅरोलवर सुटून फरार झाला होता. तो २०१७ मध्ये काश्मीरमध्ये सापडला.

तिसरं दार : शिक्षा संपणं. २०१८ च्या दुरुस्तीपर्यंत बलात्काराची किमान शिक्षा ७ वर्षं होती, नंतर ती १० वर्षं झाली. म्हणजे २०१४-१५ मध्ये किमान शिक्षा झालेले लोक शिक्षा भोगून आतापर्यंत बाहेर आलेले असणार. त्यातले बरेच जण त्याच गावात परततात जिथे ती मुलगी राहते.

शिक्षा संपल्यावर कोण लक्ष ठेवतं?

इथेच भारत आणि पट्टा वापरणारे देश यांच्यातला मोठा फरक आहे. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये सुटलेला लैंगिक गुन्हेगार अनेकदा ठरावीक काळ देखरेखीखाली असतो. त्याच्यावर एक अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे हजेरी द्यावी लागते, राहण्याचा पत्ता कळवावा लागतो, काही ठिकाणी समुपदेशन सक्तीचं असतं. पट्टा हा त्या देखरेखीचा एक भाग.

आपल्याकडे लैंगिक गुन्ह्यासाठी अशी देखरेख जवळपास अस्तित्वातच नाही. परिवीक्षा म्हणजे प्रोबेशनचा कायदा १९५८ चा आहे, पण जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना तो लागू होत नाही. बलात्कार त्यातच मोडतो. त्यामुळे ज्या गुन्ह्यात देखरेखीची सर्वाधिक गरज, त्यासाठी देखरेख करणारा अधिकारीच नाही.

केंद्र सरकारने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीपेढी सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाखांहून अधिक नोंदी होत्या. पण ती फक्त तपास यंत्रणांसाठी आहे. गुन्हा घडल्यावर संशयित शोधायला ती उपयोगी पडते, सुटलेल्या माणसावर रोज नजर ठेवायला नाही.

एक तरतूद मात्र फारशी चर्चेत नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४ नुसार, तीन वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरली, तर न्यायालय सुटकेनंतर ५ वर्षांपर्यंत राहण्याचा पत्ता आणि त्यातला बदल कळवण्याचा आदेश देऊ शकतं. म्हणजे सुटकेनंतरच्या नजरेची कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. पण ती दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यांपुरती आहे आणि पत्त्यापुरतीच आहे.

मग भारतात पट्टा आलाय की नाही?

आलाय, पण लैंगिक गुन्ह्यासाठी नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूच्या विशेष न्यायालयाच्या आदेशानंतर दहशतवादाशी संबंधित प्रकरणातील एका आरोपीला जामिनावर सोडताना जम्मू-काश्मीर पोलिसांनी त्याच्या पायात जीपीएस पट्टा बसवला. देशात असं पहिल्यांदाच घडलं.

त्याच वर्षी केंद्राने आदर्श कारागृह आणि सुधारसेवा कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. त्यात रजेवर जाणाऱ्या कैद्याने ट्रॅकर घालायची तयारी दाखवली, तर त्या अटीवर रजा देता येईल असं म्हटलं आहे. अट मोडली, तर रजा रद्द आणि पुढची रजाही बंद. पण तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. केंद्राचा मसुदा आपोआप लागू होत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन केंद्राच्या अहवालानेही पट्ट्याचा प्रयोग करून पाहावा असं सुचवलं. कोणासाठी? कमी किंवा मध्यम धोक्याच्या, चांगल्या वर्तणुकीच्या कच्च्या कैद्यांसाठी. हेतू होता तुरुंगातली गर्दी कमी करण्याचा.

म्हणजे सरकारी कागदांत पट्टा आहे तो लोकांना तुरुंगाबाहेर काढण्यासाठी. लोकांच्या मागणीतला पट्टा आहे तो धोकादायक माणसावर नजर ठेवण्यासाठी. यंत्र एकच, पण काम वेगळं, माणसं वेगळी, लागणारा कायदाही वेगळा. बातमीत 'भारतात लवकरच जीपीएस पट्टे' असं वाचलं, तर यापैकी कोणता पट्टा, हे आधी तपासा.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं?

८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने महत्त्वाचा निकाल दिला. अमली पदार्थांच्या प्रकरणातील आरोपीला जामीन देताना, त्याने गुगल मॅपवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवत राहावं अशी अट घातली होती. न्यायालयाने ती रद्द केली. जामिनावरच्या आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट ही घटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे, असं खंडपीठाने म्हटलं.

याचा अर्थ काय? पहिल्या दाराने बाहेर आलेल्या, म्हणजे अजून दोषी न ठरलेल्या व्यक्तीला केवळ जामिनाची अट म्हणून सतत ट्रॅक करणं आता अवघड आहे. दोषी ठरलेल्यांबाबत विधिमंडळ किंवा संसद वेगळा कायदा करू शकते. पण त्या कायद्यात पट्टा कोणाला, किती काळ, कोणाच्या आदेशाने आणि अपील कुठे, हे सगळं लिहावं लागेल.

स्वारगेटच्या प्रकरणात काय झालं असतं, हेही बघा. आरोपीवरचे आधीचे गुन्हे चोरीचे होते. 'लैंगिक गुन्हेगारांना पट्टा' असा कायदा असता, तरी तो त्याला लागू झाला नसता. आणि पट्टा असता, तरी नकाशावर एक ठिपका बसस्थानकात दिसला असता, जिथे हजारो लोक रोज येतात. पट्ट्यामुळे नंतरचा शोध सोपा झाला असता. आधीची घटना टळलीच असती, असं म्हणता येत नाही.

जिथे पट्टा वापरला, तिथे काय झालं?

अमेरिकेतल्या फ्लोरिडात २००५ मध्ये आणि कॅलिफोर्नियात २००६ मध्ये लहान मुलांवरील गुन्ह्यांनंतर कडक कायदे आले. काही लैंगिक गुन्हेगारांना आयुष्यभर जीपीएस बंधनकारक झालं.

फ्लोरिडातल्या देखरेखीचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्व प्रकारच्या गुन्हेगारांबद्दल होता. पट्ट्यामुळे अटी मोडण्याचं किंवा पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं. कॅलिफोर्नियात २०१२ च्या अभ्यासात जास्त धोक्याच्या ५१६ लैंगिक गुन्हेगारांची तुलना झाली. पट्टा घातलेल्यांमध्ये नियमभंग आणि अटक दोन्ही कमी होती. खर्च मात्र वाढला : साध्या देखरेखीला माणशी रोज २७.४५ डॉलर, तर जीपीएससह ३५.९६ डॉलर.

आकडा नीट वाचा. पट्टा नसलेल्यांवरही रोज २७ डॉलर खर्च होत होते. म्हणजे तिथे अधिकारी, भेटी, समुपदेशन हे सगळं आधीपासून होतं. पट्टा त्यावर चढवलेला थर होता. ज्या फायद्याचे दाखले दिले जातात, तो देखरेख अधिक पट्टा यांचा फायदा आहे. नुसत्या पट्ट्याचा नाही.

दक्षिण कोरियाने २००८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठी पट्टे सुरू केले. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे पट्टा घातलेल्या एका गुन्हेगाराने घरातच एका महिलेचा खून केला, मग पट्टा कापून पळाला आणि दुसऱ्या महिलेचाही खून केला. पहिल्या खुनाच्या वेळी पट्टा नीट चालू होता. तो 'घरी' असल्याचं दाखवत होता आणि ते खरंच होतं.

अहिल्यानगरच्या वाडीवस्तीवर हा पट्टा कसा चालेल?

समजा, उद्या कायदा झाला. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. इथे तीन अडचणी लगेच समोर येतात.

एक, गावाचा आकार. पीडितेच्या घरापासून ५०० मीटरची बंदी शहरात ठीक आहे. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात ५०० मीटर म्हणजे अख्खं गावठाण. शाळा, रेशन दुकान, एसटी थांबा, दवाखाना, सगळं त्यात आलं. मग आरोपीचं घर त्याच वर्तुळात असेल तर? एकतर बंदीचा अर्थ 'गाव सोड' असा होतो, नाहीतर वर्तुळ इतकं लहान करावं लागतं की इशारा वाजेपर्यंत तो दारात पोहोचलेला असतो.

दोन, स्थलांतर. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नकाशावर आखलेलं 'घर' सहा महिने रिकामं असतं. कोप रोज बदलू शकते. पीडितेचं कुटुंबही त्याच टोळीबरोबर गेलेलं असू शकतं. शिवाय चार्जिंग कुठे करायचं? अकोले तालुक्यातल्या डोंगरी पट्ट्यात नेटवर्क तुटलं, तर कक्षात वाजणारा इशारा खरा की खोटा, हे कोण ठरवणार?

तीन, धावून जाणारा माणूस. रात्री दोन वाजता सीमा मोडल्याची सूचना आली. पोलीस ठाणं २५ किलोमीटरवर आहे, ड्युटीवर मोजके कर्मचारी आहेत. कोण निघणार? किती वेळात पोहोचणार? आणि सर्वांत महत्त्वाचं : त्या मुलीच्या घरी आधी फोन कोण करणार?

या शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर स्पेनमध्ये आहे. तिथे २००९ पासून कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत जोडयंत्रं वापरली जातात. एक यंत्र त्या पुरुषाच्या अंगावर, दुसरं त्या बाईजवळ. दोघांतलं अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी झालं की नियंत्रण कक्षाला कळतं आणि बाईला सावध करता येतं. सीमा घराभोवती नाही, तिच्याभोवती असते. ती शेतात गेली, तालुक्याला गेली, तर सीमाही तिच्याबरोबर जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या जिल्ह्यात विचार करायचाच असेल, तर या पद्धतीचा करावा लागेल.

पट्टा दिसला आणि गावाने ओळखला तर?

कोपर्डीचा खटला सुरू असताना आरोपींवर न्यायालयाच्या आवारातच हल्ल्याचा प्रयत्न झाला होता. पोलीस बंदोबस्तात असं होऊ शकतं, तर वस्तीवर पायातला पट्टा दिसल्यावर काय होईल, याचा विचार करावाच लागेल.

इथे गुन्हेगाराची दया येण्याचा प्रश्न नाही. ज्याला कोणी काम देत नाही, कोणी घरात ठेवत नाही, तो पट्टा कापून नाहीसा होण्याची शक्यता वाढते. आणि नाहीसा झालेला माणूस पीडितेसाठी जास्त धोक्याचा असतो.

आणखी एक गोष्ट. एनसीआरबीच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले गेले. दरवर्षी यातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र. २०२२ मध्ये दोषसिद्धीचं प्रमाण सुमारे २७ टक्के होतं. पट्टा दोषी ठरलेल्याच्याच पायात जाणार. बहुतेक आरोपी तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

तोवर आज काय करता येतं?

पट्टा येईल तेव्हा येईल. पण पीडितेला आणि तिच्या कुटुंबाला आजच असलेले काही हक्क अनेकांना माहीत नसतात.

- जामिनाच्या सुनावणीत हजर राहणं : १६ वर्षांखालील मुलीवरील बलात्कार आणि १८ वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्काराच्या प्रकरणांत फिर्यादीची किंवा तिच्या वतीने कोणाची तरी उपस्थिती कायद्याने आवश्यक आहे. आरोपीकडून काय भीती आहे, ते तिथे सांगता येतं.
- जामिनाची माहिती मिळणं : सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ च्या अपर्णा भट प्रकरणात सांगितलं आहे की, जामीन झाला तर तक्रारदाराला लगेच कळवावं आणि आदेशाची प्रत दोन दिवसांत द्यावी. ती मिळाली नाही, तर पोलीस ठाण्यात लेखी मागा.
- संपर्कबंदीची अट : आरोपीने पीडितेशी कोणताही संपर्क ठेवू नये, अशी अट घालण्याबद्दल याच निकालात सूचना आहेत. अट मोडली, तर तारीख, वेळ आणि साक्षीदार यांच्यासह लेखी तक्रार करा. त्यावरून जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो.
- तडीपारी : महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार धोकादायक व्यक्तीला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. हा उपाय जुना आहे, पण लहान गावात अंतर निर्माण करायला उपयोगी पडतो.
- साक्षीदार संरक्षण : २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार धमकी असलेल्या साक्षीदाराला आणि पीडितेला संरक्षण मागता येतं. अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत घेता येते. त्यांचा क्रमांक १५१००.
- तातडीची मदत : पोलीस ११२, महिला १८१, बालक १०९८.

या सगळ्यात एकही नवं यंत्र नाही. पण प्रत्येक ठिकाणी एक माणूस लागतो : जामिनाची प्रत पोहोचवणारा हवालदार, तक्रार नोंदवून घेणारा ठाणे अंमलदार, अर्ज लिहून देणारा वकील. पट्ट्याला नेमकी याच माणसांची गरज असते. पुढच्या वेळी कोणी पट्ट्याची घोषणा केली, तर एकच प्रश्न विचारा : इशारा वाजल्यावर निघणार कोण?